पनवेल नावाची बोट आणि एका खलाशाचं महावीर चक्र

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं आपल्या सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा त्यांची एकच अट होती. म्हणाले, "काका, कशावरही लिहा, फक्त पार्किंगवर नको." ती अट पाळून मी आज एका पदकाची गोष्ट सांगणार आहे. पदक चांदीचं आहे, म्हणजे रौप्यमहोत्सवाला शोभेल असं. आणि त्या गोष्टीत आपल्या गावाचं नाव येतं. पनवेलमध्ये पंचवीस वर्षं राहून आपल्यापैकी किती जणांना हे माहीत असेल, याची मला शंका आहे. मला स्वतःला ते फार उशिरा कळलं, आणि ज्या प्रसंगात कळलं तो काही मला भूषणावह नाही. पण या वयात लपवायचं तरी काय?

साधारण १९९९ सालची गोष्ट. आपल्या सोसायटीचं बांधकाम चालू होतं, मी इथे फ्लॅट बुक केला होता आणि मुंबईच्या एका शाखेत पेन्शन विभाग सांभाळत होतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक गृहस्थ आले. साठीच्या आसपासचे, कोकणी वळणाचं मराठी, अंगावर निळा ब्लेझर आणि छातीवर दोन-तीन पदकं. नौदल दिनाच्या कुठल्याशा कार्यक्रमाहून ते थेट बँकेत आले होते. त्यांची पेन्शन जमा झाली नव्हती. नोव्हेंबरात हयातीचा दाखला त्यांनी वेळेवर दिला होता, त्याची पोचही त्यांच्याकडे होती. आमच्याच टेबलावरून तो कागद कुठेतरी गहाळ झाला होता. हे मला दोन मिनिटांत कळलं. पण मी साहेबी थाटात म्हणालो, "काही तांत्रिक कारणामुळे राहिलंय, पुढच्या आठवड्यात या."

ते शांतपणे म्हणाले, "साहेब, चूक झाली म्हणा की. आमच्या लढाईत आपल्याच विमानांनी आपल्या बोटी बुडवल्या. तेही लोकांनी शेवटी कबूल केलं."

मला काय बोलावं सुचेना. विषय बदलायचा म्हणून मी खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि सांगितलं की मी आता पनवेलला राहायला जाणार आहे. तर त्यांचा चेहरा खुलला. "पनवेलला? मग तुमची बोट ठाऊक असेलच तुम्हाला."

मला ठाऊक नव्हती. त्या दिवशी काउंटर बंद झाल्यावर त्यांनी मला जे सांगितलं, आणि पुढे निवृत्तीनंतर मी जे वाचून काढलं, ते आता क्रमाने सांगतो.

बोट

आपल्या नौदलाने साठच्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत बनावटीच्या काही छोट्या गस्ती बोटी घेतल्या. त्यांना किनाऱ्यावरच्या गावांची नावं दिली, आणि सगळी ‘प’वरून सुरू होणारी. पनवेल, पणजी, पंबन, पुरी, पुलिकत. त्यातली ‘आयएनएस पनवेल’ जेमतेम शंभर फुटांची. आपल्या ए आणि बी विंगच्या मधल्या जागेत ती तिरकी का होईना, मावली असती. विक्रांतसारख्या अवाढव्य जहाजापुढे ती म्हणजे होडीच. पण १९७१ च्या डिसेंबरात ही होडी जिथे गेली, तिथे मोठी जहाजं जाऊच शकत नव्हती.

नद्यांमधली लढाई

१९७१ चं युद्ध म्हटलं की आपल्याला कराचीवरचा हल्ला आठवतो. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. खिडक्यांच्या काचांना तपकिरी कागद चिकटवलेले, गाड्यांचे दिवे वरून अर्धे काळे केलेले, आणि रात्री सगळे रेडिओभोवती. ज्येष्ठ सभासदांना हे आठवत असेल. आपण पश्चिमेकडे बघत होतो. पण पूर्वेकडे, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, नौदलाची एक वेगळीच लढाई कित्येक महिने गुपचूप चालली होती.

बंगाल म्हणजे नद्यांचा देश. तिथे रस्त्यांपेक्षा पाण्यातून माल जास्त जातो. फौजेला धान्य, दारूगोळा, इंधन सगळं बंदरांतून येणार. ती बंदरं बंद पाडली की फौजेचं कंबरडं मोडलं. हे काम करायला मुक्तिवाहिनीतले पोहणारे तरुण निवडले. भागीरथीच्या काठी पलाशीला (हो, तीच १७५७ ची प्लासी!) एक छावणी उघडली गेली. फ्रान्समधल्या तूलाँ बंदरात असलेल्या ‘मांग्रो’ या पाकिस्तानी पाणबुडीवरचे आठ बंगाली खलाशी मार्चअखेर पळून भारतात आले होते. तेही या कामात उतरले. बाकीचे सगळे विद्यार्थी आणि शेतकऱ्यांची पोरं. नदीकाठी वाढलेली, त्यामुळे पाण्याची भीती नाही, पण स्फोटकं कधी बघितलेली नाहीत. छातीला सुरुंग बांधायचा, रात्रीच्या काळोखात पोहत जायचं, जहाजाच्या बुडाला तो चिकटवायचा आणि आवाज न करता परत यायचं. त्यांना हे शिकवायला आपल्या नौदलाचे पाणबुडे नेमले होते. त्यातला एक होता चिमनसिंग.

चिमनसिंग यादव हरियाणाचा. समुद्र त्याच्या गावापासून शेकडो कोस लांब. नौदलात तो ‘लीडिंग सीमन’ होता, म्हणजे सैन्यातल्या नाईकाच्या बरोबरीचा. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ना मॅनेजर, ना ऑफिसर, काउंटरवर प्रत्यक्ष काम करणारा माणूस. ज्या मुलांना तो शिकवत होता त्यांच्यापेक्षा वयाने तो फार मोठा नव्हता.

१५ ऑगस्टच्या मध्यरात्री या मुलांनी चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज अशा चार ठिकाणी एकाच वेळी हल्ला केला. खूण होती आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरची दोन गाणी. पहिलं लागलं की तयारी करायची, दुसरं लागलं की निघायचं. पाकिस्तानचं नौदल या हल्ल्याने हादरलं आणि बाहेरची जहाजं तिथे यायला कचरू लागली.

या सगळ्या मोहिमेमागे जे मोजके अधिकारी होते, त्यातले एक आपले मराठी होते. कमांडर मोहन नारायण सामंत. जन्म मुंबईचा. ‘करंज’ पाणबुडीचे ते पहिले कप्तान. २०१९ मध्ये मुंबईतच त्यांचं निधन झालं. वर्तमानपत्रांत बातमी आली होती, पण किती जणांनी थांबून वाचली असेल कोण जाणे.

युद्ध जवळ आलं तसं नुसतं सुरुंग लावून भागणार नव्हतं. मुक्तिवाहिनीला स्वतःच्या बोटी हव्या होत्या. कलकत्ता बंदराकडच्या दोन बोटी घेतल्या, त्यांच्यावर बोफोर्सच्या तोफा बसवल्या आणि नावं ठेवली ‘पद्मा’ आणि ‘पलाश’. बांगलादेश नौदलाच्या या पहिल्या युद्धनौका. त्यांच्यावर खलाशी बहुतेक बंगाली, अधिकारी आणि काही खलाशी भारतीय. त्यांच्या जोडीला आपली ‘पनवेल’. पनवेलचे कप्तान होते लेफ्टनंट कमांडर जोसेफ नोरोन्हा आणि साऱ्या ताफ्याचे प्रमुख सामंत. सीमा सुरक्षा दलाची ‘चित्रांगदा’ ही बोटही त्यांच्याबरोबर होती.

१० डिसेंबर १९७१

तारखा जरा लक्षात घ्या. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी असं तिचं बलिदान सगळ्यांना माहीत आहे. त्या काळरात्रीनंतरची जी सकाळ उजाडली, त्या सकाळी देशाच्या दुसऱ्या टोकाला या चार बोटी सुंदरबनातल्या अनोळखी खाड्यांमधून वाट काढत मोंगला बंदरात शिरल्या. शत्रूला त्यांची चाहूलही नव्हती. मोंगला फारसा प्रतिकार न होता हाती आलं.

मग सामंत थांबले नाहीत. चित्रांगदा मोंगल्याला ठेवून बाकी तिन्ही बोटी नदीतून वर खुलन्याकडे निघाल्या. खुलना हे मोठं शहर, तिथे पाकिस्तानची फौज ठाण मांडून बसलेली.

दुपारच्या सुमाराला खुलना जवळ आलं असताना आकाशात तीन विमानं दिसली. नॅट जातीची, म्हणजे आपलीच. बोटींवर ओळखीसाठी पिवळ्या रंगाच्या मोठ्या खुणा होत्या. विमानं आपली आहेत हे कळल्यामुळे बोटींनी तोफा चालवल्या नाहीत. पण विमानं वळली आणि खाली आली. अरुंद नदी, शत्रूचा मुलूख आणि विमानाचा तो वेग. वरच्या माणसाला त्या शत्रूच्या बोटी वाटल्या. बघता बघता पद्मा आणि पलाश पेटल्या.

चिमनसिंग ज्या बोटीवर होता तीही बुडाली. स्फोटाच्या धक्क्याने तो डेकवरून पाण्यात फेकला गेला. अंगात लोखंडाचे तुकडे घुसलेले. आजूबाजूला वाचलेले लोक पोहत होते आणि काठावरून पाकिस्तानी सैनिक त्यांच्यावर गोळ्या झाडत होते. म्हणजे वरून आपले आणि बाजूने परके, अशी अवस्था. जवळच एक अधिकारी जखमी होऊन गटांगळ्या खात असलेला त्याला दिसला. हा स्वतः गंभीर जखमी. पण त्याने त्या अधिकाऱ्याला आधार दिला, आणि गोळ्यांच्या वर्षावात ते काठाकडे सरकू लागले. मुलांना पोहायला शिकवणारा माणूस तो, आता त्याचं शिक्षण त्याच्याच कामी आलं.

काठाला लागल्यावर त्याने जे केलं, त्यासाठी त्याला पदक मिळालं. तो लपला नाही. तो उठला आणि थेट शत्रूच्या दिशेने धावत सुटला. साहजिकच सगळ्या बंदुका त्याच्याकडे वळल्या. तेवढ्या वेळात त्याचे दोन सहकारी निसटले. शेवटी तो पकडला गेला.

इकडे ‘पनवेल’ शाबूत होती. सामंत आणि नोरोन्हा यांनी माघार न घेता, गोळीबार चालू असताना पाण्यातून अनेकांना उचलून घेतलं. आपल्या गावाच्या नावाची ही छोटी बोट त्या दुपारी तिच्या आकाराला न पेलणारं काम करत होती.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, खुलन्याच्या फौजेने १७ ला शस्त्रं ठेवली. चिमनसिंगची सुटका झाली आणि तो उपचारांसाठी भारतात परत आला.

पदक

आता पदकाविषयी थोडं. मुलांसाठी मुद्दाम लिहितो, कारण २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर मी बिल्डिंगमधल्या मुलांना प्रश्न विचारतो आणि ते ‘परमवीर’च्या पुढे जात नाहीत.

युद्धात शत्रूसमोर गाजवलेल्या शौर्यासाठी तीन पदकं आहेत. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र. २६ जानेवारी १९५० रोजी ती सुरू झाली, पण लागू केली १५ ऑगस्ट १९४७ पासून, म्हणजे पहिल्या काश्मीर युद्धातले वीर त्यात यावेत. गंमत अशी की सगळ्यात मोठं परमवीर चक्र ब्राँझचं आणि त्याखालची दोन्ही चांदीची. धातूच्या भावाचा इथे काही संबंध नाही, हे मी जन्मभर सोनंतारण कर्ज देणारा माणूस सांगतोय!

महावीर चक्र गोल असतं. त्यावर पाच टोकांचा तारा, टोकं कडेला भिडलेली, आणि मध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या भागावर राजमुद्रा. मागे हिंदी आणि इंग्रजीत नाव आणि दोन कमळं. फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. अधिकारी असो की खलाशी, पदक तेच, त्यात दर्जा नाही. पण मिळतं कुणाला, ते पाहा. १९७१ च्या युद्धात नौदलाला आठ महावीर चक्रं मिळाली. त्यातली सात अधिकाऱ्यांना. आठवं चिमनसिंगला. आणि या आठांपैकी तीन, म्हणजे सामंत, नोरोन्हा आणि चिमनसिंग, त्या एका छोट्याशा ताफ्यातली आहेत.

अधिकाऱ्यांचं शौर्य कमी होतं असं मी म्हणत नाही. मुल्लासाहेबांबद्दल तसं कोण म्हणेल? पण जहाजाच्या पोटात, इंजिनापाशी, तोफेपाशी जे खलाशी असतात, त्यांचं शौर्य बघणारा साक्षीदार अनेकदा त्यांच्याबरोबरच बुडतो. मग मानपत्र लिहिणार कोण? चिमनसिंगने ज्यांना वाचवलं ते जगले, म्हणून त्याची गोष्ट कागदावर आली.

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट ऐका. ‘पलाश’च्या इंजिनरूममध्ये मोहम्मद रुहुल अमीन नावाचा नोआखालीचा तंत्रज्ञ होता. बोट सोडण्याचा हुकूम झाला तरी तो इंजिन वाचवण्यासाठी खाली थांबला. जखमी होऊन कसाबसा काठाला लागला, तर तिथे रझाकारांनी त्याला ठार केलं. बांगलादेशाने त्याला ‘बीरश्रेष्ठ’ हा सर्वोच्च किताब दिला. असे बीरश्रेष्ठ सगळे मिळून सातच आहेत. रूपसा नदीच्या काठी त्याची कबर आहे. एकाच दुपारी, एकाच पाण्यात दोन खलाशी. एक भारताचा, एक बांगलादेशाचा, आणि दोघांच्याही नावापुढे आज आपापल्या देशाचं पदक.

मानपत्रात नसलेली ओळ

मी चिमनसिंगचं मानपत्र वाचलं. त्यात त्याचं शौर्य नीट नोंदवलं आहे. पण बोटीबद्दल एवढंच आहे की खुलन्याच्या हल्ल्यात त्याची बोट बुडाली. कुणी बुडवली, ते नाही. तेव्हा युद्ध नुकतंच जिंकलं होतं, तिन्ही दलांनी एकदिलाने जिंकलं होतं. अशा वेळी सरकारी कागदात ती ओळ घालायला कुणाचा हात धजणार? मी ते समजू शकतो. पुढे नौदलाच्या अधिकृत इतिहासात ही गोष्ट स्वच्छपणे छापली गेली, हे मला जास्त मोठं वाटतं.

ती ओळ वगळली तर चिमनसिंगचं शौर्य उलट कमी दिसतं. शत्रूने बोट बुडवली आणि खलाशी चिडून शत्रूवर धावला, हे समजायला सोपं आहे. पण ज्यांच्या भरवशावर होतो त्यांच्याच हातून घाव बसला, आणि तरीही मनात कडवटपणा न धरता पुढच्या क्षणी बुडणाऱ्या माणसाला हात दिला, हे मला तरी जमलं नसतं. त्या विमानांतल्या वैमानिकांनाही पुढे कळलं असेल, तेव्हा त्यांच्या मनाचं काय झालं असेल याचाही मी विचार करतो. चूक माणसांकडूनच होते.

बँकेत आम्ही रोज संध्याकाळी हिशेब जुळवायचो. एक रुपयाचा फरक आला तरी घरी जायचं नाही. चुकीची नोंद खोडायची नसते. ती तशीच ठेवून खाली दुरुस्तीची नोंद करायची आणि सही करायची, हा नियम. हजारो वेळा मी तो पाळला. पण हयातीच्या दाखल्याच्या वेळी, समोर माणूस बसलेला असताना, मी ‘तांत्रिक कारण’ म्हणून मोकळा झालो.

त्या गृहस्थांचं काम मी दुसऱ्या दिवशी स्वतः उभं राहून केलं आणि त्यांना फोन करून सांगितलं, "कागद आमच्याकडून हरवला होता. माफ करा." पलीकडून हसण्याचा आवाज आला. म्हणाले, "एवढंच तर हवं होतं." ते स्वतः खुलन्याला नव्हते. युद्धात ते मुंबईच्या गोदीत मशिनरीवर होते. छातीवरचं त्यांचं एक पदक १९७१ च्या युद्धातल्या सेवेसाठी मिळणारं संग्राम पदक होतं. पुढे दोन-तीन वर्षं नोव्हेंबरात ते दाखला घेऊन यायचे. त्यानंतर माझी बदली झाली.

शेवटी

सोसायटीची पंचवीस वर्षं म्हणजेही एक जमाखर्चच आहे. पाण्याच्या टाकीवरून झालेली भांडणं, लिफ्टच्या वर्गणीवरून दोन वर्षं बंद असलेलं बोलणं, आणि २६ जुलै २००५ च्या पावसात तळमजल्यावरच्या कुटुंबांना वरच्या घरांनी दिलेला आसरा. चुकीच्या नोंदीही आपल्या आहेत आणि दुरुस्तीच्याही. दोन्ही राहू द्यात.

समितीपुढे माझ्या दोन सूचना आहेत. सोसायटीच्या ऑफिसात पुस्तकांचं जे कपाट आहे, त्यात नौदलाच्या इतिहासावरची चार पुस्तकं घ्यावीत. खर्च माझ्याकडे लागला. आणि दरवर्षी १० डिसेंबरला संध्याकाळी मुलांना खाली जमवून ही गोष्ट सांगावी. पंधरा मिनिटं पुरतात. आज मुलांना पनवेल म्हणजे स्टेशन, एक्स्प्रेसवे आणि आता विमानतळ एवढंच माहीत आहे. पनवेल नावाची एक बोट होती, ती परक्या नदीत पेटलेल्या बोटींजवळ थांबून माणसं उचलत राहिली, हेही त्यांना माहीत असावं.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवी वर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!